मागून ठोकलं की चूक कोणाची? नव्या चालकांनी अंतर कसं राखावं

पुढच्या गाडीला मागून धडक बसली की ठोकणाऱ्याच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं ते हेच: ‘त्याने अचानक ब्रेक मारला.’ बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण पोलिसांसमोर किंवा विमा कंपनीच्या सर्व्हेअरसमोर हे वाक्य बोलणारा स्वतःच्याच विरुद्ध जबाब देत असतो. पुढचा कधीही थांबू शकतो हे धरूनच मागच्याने गाडी चालवायची, असा नियम आहे. त्यामुळे ‘तो अचानक थांबला आणि मला थांबता आलं नाही’ याचा अर्थ ‘माझ्याकडे पुरेसं अंतर नव्हतं’ एवढाच निघतो.

लायसन्सच्या परीक्षेत रिव्हर्स घेणं, चढावर गाडी उचलणं, गाडी पार्क करणं हे सगळं घोटून घेतलं जातं. अंतर राखणं मात्र ‘सुरक्षित अंतर ठेवा’ या तीन शब्दांवर सोडून दिलं जातं. सुरक्षित म्हणजे किती, ते मोजायचं कसं आणि धडक झालीच तर चूक कशी ठरते, हे इथे क्रमाने सांगतो. चारचाकी, दुचाकी, सगळ्यांनाच ते लागू आहे.

नियम नेमकं काय म्हणतो

रस्ता वाहतुकीबाबतच्या १९६८ च्या व्हिएन्ना कराराच्या १३ व्या कलमात म्हटलंय की पुढची गाडी एकदम हळू झाली किंवा थांबली तरी धडक टळेल इतकं अंतर मागच्याने ठेवायचं. त्याच करारातलं १७ वं कलम पुढच्यालाही बांधतं: सुरक्षिततेसाठी गरज असल्याशिवाय जोरात ब्रेक मारायचा नाही. बहुतेक देशांच्या वाहतूक नियमांत ही जोडी कुठल्या ना कुठल्या शब्दांत सापडते. भारताच्या १९८९ च्या रस्ता नियमांतही ती होती.

किती अंतर, हे मात्र देशागणिक वेगळ्या प्रकारे सांगितलं जातं. फ्रान्सच्या कायद्यात किमान २ सेकंदांत कापलं जाईल तेवढं अंतर लिहिलेलं आहे. जर्मनीत स्पीडोमीटरवरच्या आकड्याच्या निम्मे मीटर, असा ठोकताळा वापरतात. ताशी १०० किलोमीटरला ५० मीटर. तिथे महामार्गावरच्या पुलांवरून कॅमेऱ्याने हे अंतर मोजतात आणि ते फार कमी भरलं तर धडक झालेली नसतानाही दंड होतो. ब्रिटनची वाहतूक नियमावली कोरड्या रस्त्यावर २ सेकंद, ओल्या रस्त्यावर त्याच्या किमान दुप्पट आणि बर्फावर १० पटीपर्यंत अंतर वाढवायला सांगते.

आकडा दिलेला नसला तरी न्यायालय मोजमाप करतंच. भारताच्या सर्वोच्च न्यायालयासमोर २०१८ मध्ये असं एक प्रकरण आलं होतं. ट्रकच्या मागे चाललेल्या मोटारीचं अंतर १० ते १५ फूट होतं आणि मोटार ट्रकवर आदळली. एवढं अंतर सुरक्षित म्हणताच येत नाही, असं न्यायालयाने स्पष्ट म्हटलं आणि निष्काळजीपणा मोटारचालकाचा ठरला. १५ फूट म्हणजे एका छोट्या गाडीच्या लांबीपेक्षा फार जास्त नाही. कुठल्याही वर्दळीच्या रस्त्यावर बघा, बहुतेकजण एवढ्याच अंतरावरून चाललेले दिसतील.

पायरी १: थांबायला किती रस्ता लागतो ते समजून घ्या

थांबण्याचे दोन भाग असतात. पुढचे लाल दिवे दिसणं, मेंदूने त्याची दखल घेणं, पाय ब्रेकवर जाणं हा पहिला भाग. यात साधारण दीड सेकंद जातो आणि त्या दीड सेकंदात गाडी पूर्ण वेगाने पुढे जात असते. दुसरा भाग ब्रेक लागल्यानंतरचा. चांगले टायर, कोरडा डांबरी रस्ता आणि जोरात दाबलेला ब्रेक असेल तर गाडीचा वेग दर सेकंदाला ताशी २५ किलोमीटरने उतरतो असं धरू. मग हिशेब असा येतो:

ताशी ५० किलोमीटर: भानावर येईपर्यंत २१ मीटर, ब्रेकमध्ये १४ मीटर, एकूण ३५.
ताशी ८० किलोमीटर: ३३ आणि ३५, एकूण जवळजवळ ७०.
ताशी १०० किलोमीटर: ४२ आणि ५५, एकूण ९७.

वेग ५० वरून १०० झाला, म्हणजे दुप्पट. ब्रेकचं अंतर मात्र १४ वरून ५५ वर गेलं, म्हणजे चौपट. शहरात जे अंतर पुरतं ते महामार्गावर का पुरत नाही, ते इथे दिसतं. डोळ्याला सवय शहरातल्या अंतराची झालेली असते आणि महामार्गावरही तेवढंच अंतर ‘ठीक’ वाटत राहतं.

आता हे दोन गाड्यांवर लावून बघा. दोघंही ताशी ८० ने चाललेत, मध्ये २२ मीटर, म्हणजे बरोबर १ सेकंदाचं अंतर. पुढच्याने जोरात ब्रेक मारला. तुमचा पाय ब्रेकवर पोचेपर्यंत दीड सेकंद गेला आणि तेवढ्यात त्याचा वेग ताशी ३८ किलोमीटरने उतरलेला आहे. तुमचा अजून ८० च आहे. इथून पुढे दोघंही सारखाच ब्रेक मारत असले तरी हा ३८ चा फरक तुम्ही धडकेपर्यंत भरून काढू शकत नाही. तुम्ही त्याच्यावर आदळता तेव्हा तो जवळजवळ थांबलेला असतो आणि तुमचा काटा ४५ च्या आसपास असतो. ब्रेक उत्तम होते, दाबलाही वेळेवर, तरी ताशी ३८ किलोमीटरच्या फरकाने धडक बसली.

याच हिशेबात अंतर २ सेकंदांचं, म्हणजे ४४ मीटर असतं, तर दोघंही थांबले असते आणि मध्ये ११ मीटर उरले असते.

पायरी २: मीटर सोडा, सेकंद मोजा

चालत्या गाडीतून ४४ मीटर कोणालाच ओळखता येत नाहीत. सेकंद मोजता येतात, आणि वेग वाढला की तेवढ्याच सेकंदांत कापलं जाणारं अंतर आपोआप वाढतं.

रस्त्यालगतची एक ठळक, न हलणारी वस्तू निवडा. दिव्याचा खांब, पुलाची सावली, डांबरातला जोड, काहीही. पुढच्या गाडीचं मागचं टोक त्या खुणेवरून गेलं की मनात म्हणायला लागा: ‘एक हजार एक, एक हजार दोन.’ ‘दोन’ म्हणून होण्याआधी तुमचं बोनेट त्या खुणेवर आलं तर तुम्ही जवळ आहात. ॲक्सिलरेटर थोडा सोडा, पुढची खूण धरा, पुन्हा मोजा.

यात एक खाचखळगा आहे. घाईत असलेला माणूस मोजतोही घाईत. घरी बसून मोबाइलच्या स्टॉपवॉचवर हे शब्द म्हणून बघा आणि तुमच्या तोंडी ते खरंच २ सेकंदांत बसतात का ते तपासा. मग तीच लय गाडीत वापरा. सुरुवातीला शेजारी बसलेल्याला मोजायला सांगा, तुम्ही रस्त्यावर लक्ष ठेवा. काही दिवसांत नजरच सांगायला लागते, पण वेग बदलला, रस्ता बदलला, रात्र झाली की पुन्हा एकदा मोजून खात्री करावी. नजर फार लवकर फसते.

पायरी ३: २ सेकंद कधी पुरत नाहीत

या २ सेकंदांमागे एक गृहीतक लपलेलं आहे: पुढचाही ब्रेक मारूनच थांबेल, म्हणजे थांबायला तोही काही रस्ता घेईल. पण तो स्वतःच कशावर तरी आदळला तर? मग तो जागच्या जागी थांबतो आणि तुम्हाला थांबण्याचं संपूर्ण अंतर लागतं. ताशी १०० ला २ सेकंद म्हणजे ५६ मीटर, आणि थांबायला लागतात ९७. म्हणून मोकळ्या महामार्गावर ३ सेकंद हा माझा आग्रह आहे, आणि त्याबरोबर नजर पुढच्या गाडीच्या पलीकडे, आणखी दोन-तीन गाड्या पुढे. तिकडे लाल दिवे लागले की तुमचा पाय ॲक्सिलरेटरवरून निघालेला हवा, पुढच्याने अजून ब्रेक मारला नसला तरी.

ट्रक, बस, टँकरच्या मागे ही पलीकडची नजरच बंद होते. शिवाय उंच ट्रेलरच्या मागे एक वेगळा धोका असतो: छोट्या गाडीचं बोनेट त्याच्या खाली घुसतं आणि पहिला मार थेट काचेला बसतो. बंपर, पुढचा सांगाडा, एअरबॅग ही सगळी रचना बंपरच्या उंचीवर धडक होईल असं धरून केलेली असते. मागे इतके राहा की ट्रकचे बाजूचे दोन्ही आरसे तुम्हाला दिसतील. तुम्हाला त्याचे आरसे दिसत नसतील तर त्याच्या लेखी तुम्ही रस्त्यावर नाहीच.

आणखी एक प्रसंग लक्षात ठेवा. पुढची मोठी गाडी ऐनवेळी बाजूला होते आणि तिच्यामागे दडलेली बंद पडलेली गाडी एकदम तुमच्यासमोर येते. तिने ब्रेक मारलाच नाही, त्यामुळे तुम्हाला लाल दिव्याचा इशाराही मिळालेला नसतो. इथे अंतर हाच एक इशारा.

दुचाकीच्या मागे जास्त अंतर ठेवा. तिचा स्वार पडू शकतो आणि पडलेल्या माणसाच्या बाबतीत बंपरच्या नुकसानीचा प्रश्नच नसतो. दुचाकीवाला किंवा गिअरची गाडी चालवणारा गिअर खाली घेऊन वेग कमी करतो तेव्हा ब्रेक लाइट लागत नाही, हेही ध्यानात असू द्या. पाऊस, धुकं, उतार, भरलेली गाडी, घासलेले टायर, डोळ्यावरची झोप: यातलं काहीही असेल तर अंतर वाढवा, आणि दोन गोष्टी एकत्र आल्या तर ४ सेकंदही कमीच समजा.

पायरी ४: मध्ये कोणी घुसला तर, आणि मागचा चिकटला तर

नव्या चालकाची हमखास तक्रार: ‘अंतर ठेवलं की कोणीतरी कट मारून आत शिरतो.’ शिरू दे. तो शिरला की तुम्ही ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा २ सेकंद मागे जायचं. याची किंमत काढून बघा: प्रत्येक घुसणाऱ्यामागे फार तर २ सेकंद. वाटेत १० जण घुसले तरी तुम्ही २० सेकंद उशिरा पोचाल. एका सिग्नलला याहून जास्त वेळ जातो.

मागचा चिकटून चालत असेल तर राग येणं साहजिक आहे, पण ब्रेक दाबून त्याला धडा शिकवायला जाऊ नका. तसं करणं धोक्याचं तर आहेच, पण डॅशकॅममध्ये (गाडीतून रस्ता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात) ते टिपलं गेलं की चूक तुमच्याकडे सरकते. उलट तुमच्या पुढचं अंतर वाढवा. म्हणजे वेळ आलीच तर तुम्हाला हळूहळू ब्रेक दाबता येईल आणि मागच्यालाही थांबायला जागा मिळेल. जमेल तिथे बाजू देऊन त्याला पुढे जाऊ द्या.

पायरी ५: थांबतानाची शिस्त

रांगेच्या शेवटी पोचताना आरशात बघा. मागून वेगात गाड्या येत असतील तर लवकर आणि हलका ब्रेक दाबून दिवे दाखवा. महामार्गावर वाहतूक एकदम तुंबली असेल तर चारही इंडिकेटर लावा. थांबल्यावर पुढच्या गाडीची मागची चाकं जिथे जमिनीला टेकतात ती जागा तुमच्या काचेतून दिसली पाहिजे. एवढं अंतर असलं की मागून कोणी ठोकलं तरी तुम्ही पुढच्यावर ढकलले जाण्याची शक्यता कमी होते, आणि पुढची गाडी बंद पडली तर बाजूने निघताही येतं. मागे एखादी गाडी येऊन नीट थांबेपर्यंत पाय ब्रेकवरच ठेवा, म्हणजे दिवे लागलेले राहतील.

हेडरेस्टकडे, म्हणजे सीटवरच्या डोक्यामागच्या उशीकडे, कोणी बघत नाही. मागून धडक बसते तेव्हा सीट धडाला पुढे ढकलते आणि डोकं मागे राहतं. तो हिसका मानेवर येतो. हेडरेस्टचा वरचा काठ डोक्याच्या माथ्याच्या पातळीला आणि डोक्याच्या शक्य तितका जवळ हवा. मानेच्या खाचेत टेकलेला हेडरेस्ट काही उपयोगाचा नाही.

चूक मागच्याची नसते तेव्हा

मागून ठोकलं की मागचाच दोषी, हा सर्वसाधारण कल आहे. जर्मन न्यायालयंही प्रथमदर्शनी असंच धरतात. पण हा कल पुराव्याने पालटता येतो. पुढची गाडी रिव्हर्स येत होती. शेजारच्या लेनमधून कोणी आत घुसला आणि लगेच ब्रेक मारला. पुढच्याने राग काढण्यासाठी मोकळ्या रस्त्यावर गाडी उभी केली. त्याचे ब्रेक लाइट बंद होते. रात्री रस्त्याच्या मधोमध दिवे किंवा इशाऱ्याचा त्रिकोण न लावता गाडी उभी होती. अशा ठिकाणी दोष पुढच्याकडे जातो किंवा दोघांत वाटला जातो, आणि बऱ्याच देशांत भरपाई त्या वाट्यानुसार कमी-जास्त होते. मागचा फार वेगात होता असं दिसलं तर त्याचा वाटा राहतोच.

‘माझे ब्रेक फेल झाले’ हे कारण सहसा चालत नाही. गाडीची देखभाल नियमित होती आणि बिघाड आधी कळण्यासारखा नव्हता, हे दाखवावं लागतं.

कट मारून घुसलेल्याच्या बाबतीत सगळं वेळेवर ठरतं. तो घुसला आणि पुढच्याच क्षणी धडक झाली तर तुम्हाला अंतर पुन्हा वाढवायला वेळच मिळाला नाही. पण तो घुसल्यानंतर अर्धा मिनिट तुम्ही त्याच्या मागे तसेच चिकटून चालला असाल तर तो मुद्दा संपला.

साखळी अपघातात प्रश्न जरा गुंतागुंतीचा होतो. तीन गाड्या आहेत, मधली पुढच्यावर आदळलेली आणि शेवटची मधलीवर. मधल्याने आधीच ठोकलं होतं, की तो थांबला होता आणि मागच्याने त्याला ढकललं? याचं उत्तर बऱ्याचदा सर्वांत पुढच्या चालकाकडे असतं: त्याला हिसका एकदाच बसला की दोनदा? एकच बसला असेल तर मधला ढकलला गेल्याची शक्यता मोठी. दोन बसले असतील तर मधल्याने आधी स्वतःहून ठोकलं होतं. म्हणून अशा वेळी पुढच्या चालकाचं म्हणणं तिथल्या तिथे, शांतपणे विचारून नोंदवून घ्या. दुसऱ्या दिवशी आठवणी बदलतात.

तपासणारे गाड्यांवरच्या खुणाही वाचतात. जोरात ब्रेक मारला की गाडीचं नाक खाली झुकतं, त्यामुळे ब्रेक मारत ठोकणाऱ्याच्या खुणा पुढच्या गाडीवर नेहमीपेक्षा खाली दिसतात. जुन्या प्रकारच्या बल्बमध्ये धडकेच्या क्षणी दिवा पेटलेला असेल तर तापलेली तार ताणली जाते, थंड असेल तर तशी ताणली जात नाही. ब्रेक लाइट लागला होता की नाही ते यावरून कळू शकतं. एलईडीत ही सोय नाही. अनेक नव्या गाड्यांमध्ये धडकेआधीच्या शेवटच्या काही सेकंदांचा वेग आणि ब्रेकची नोंद आपोआप साठते. एबीएसमुळे (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेमुळे) टायरच्या लांब काळ्या रेघा आता फारशा उमटत नाहीत, त्यामुळे ‘रेघ नाही म्हणजे ब्रेक मारलाच नाही’ असं कोणी म्हणालं तर ते मान्य करू नका.

धडक झालीच तर

आधी चारही इंडिकेटर, मग माणसं. कोणाला लागलं असेल तर रुग्णवाहिका आणि पोलीस, बाकी सगळं नंतर. दोन गाड्यांच्या मध्ये उभं राहून बंपर बघत बसू नका. तिसरी गाडी मागून येऊ शकते. महामार्गावर असाल तर सगळ्यांना कठड्याच्या पलीकडे उभं करा आणि सुरक्षितपणे जमत असेल तर त्रिकोण मागे बऱ्याच अंतरावर ठेवा.

गाड्या हलवण्याआधी फोटो काढा. जवळून बंपरचे तर काढाच, पण लांबूनही काढा, म्हणजे लेन, सिग्नल, रस्त्याचा ओलावा आणि गाड्यांची एकमेकांपासूनची जागा दिसेल. पुढच्या गाडीचे ब्रेक लाइट चालतात का ते त्याच्या चालकाला ब्रेक दाबायला सांगून व्हिडिओत घ्या. दोन्ही नंबरप्लेट, लायसन्स, विम्याचे तपशील आणि साक्षीदाराचा फोन नंबर घ्या. डॅशकॅमचं कार्ड तेव्हाच काढून ठेवा. तो जुन्या फाइलवरच नवी फाइल लिहितो आणि संध्याकाळपर्यंत तुमचा पुरावा पुसला गेलेला असतो.

‘माझंच चुकलं’ किंवा ‘तुमचंच चुकलं’ यातलं काहीही तिथे लिहून देऊ नका. काय घडलं तेवढं सांगा: वेग किती, कुठली लेन, किती अंतर, पुढचा कशामुळे थांबला. विमा कंपनीला लवकरात लवकर कळवा. मान किंवा पाठ त्या वेळी ठीक वाटली तरी दुखणं काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी वर येतं. तसं झालं तर डॉक्टरांना दाखवा आणि कागद जपून ठेवा.

गाडी दुरुस्तीला गेली की बंपरबरोबर आतला सांगाडा, सीटबेल्टची यंत्रणा आणि मुलांची सीट तपासून घ्या. गाडीत आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा असेल तर तिचा रडार बऱ्याचदा बंपरमागे किंवा जाळीमागे असतो आणि धडकेने किंचित सरकतो. बाहेरून काहीच दिसत नाही, पण पुढची गाडी कुठे आहे हे तो चुकीचं सांगू लागतो. गाडी ताब्यात घेण्याआधी त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे तो पुन्हा नेमका जुळवून घेणं, झालं आहे असं गॅरेजच्या बिलावर लिहून घ्या.